नर्सीचा नामा आणि परमुलखातले पाहुणे



परदेशी जायचे, तिथल्या लोकांत राहायचे, आपल्याजवळचे त्यांना द्यायचे आणि त्यांच्याजवळचे आपण घ्यायचे, याला आजकाल सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणतात. विद्यापीठे त्यासाठी शिष्यवृत्त्या देतात, सरकारे करार करतात, विद्वानाला विमानाचे तिकीट मिळते. आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचा एक शिंपी सातशे वर्षांपूर्वी अशाच प्रवासाला निघाला होता. तो पायी गेला. त्याला कोणी बोलावले नव्हते आणि कोणी पाठवलेही नव्हते. जवळ होते ते नाव आणि ते नाव गाण्याची रीत.

माउली, नामदेवरायांचे चरित्र तुम्हाला मी नव्याने सांगावे असे नाही. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, कार्तिक शुद्ध एकादशी; वडील दामाशेटी, आई गोणाई; पुढे पंढरपूर, ज्ञानदेवादी भावंडांची संगत, विसोबा खेचरांचा उपदेश. हे सगळे आपल्या कानांवर लहानपणापासून आहे. आज थोडे थांबायचे आहे ते दोन ठिकाणी. एक, नामदेव बाहेर गेले तेव्हा नेमके काय घडले. आणि दोन, पुढे सहा-सातशे वर्षांनी परमुलखातले विद्वान त्यांच्या मागावर इकडे आले, त्यांनी आपल्याला काय दिले आणि आपल्याकडून काय नेले.

पंजाबला परदेश कसे म्हणता, असे कोणी विचारील. आज आपण नांदेडहून रेल्वेत बसतो आणि अमृतसरला उतरतो, म्हणून तो आपल्याला परदेश वाटत नाही. तेराव्या शतकाच्या शेवटी इथे देवगिरीच्या यादवांचे राज्य होते, तिथे दिल्लीची सुलतानी. भाषा वेगळी, अन्न वेगळे, थंडी वेगळी. नर्सी ते पंजाबातले घुमान हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी १३०० किलोमीटरच्या घरात जाते, आणि पायवाट काही सरळ रेषेत जात नाही. त्यातून काळ कोणता होता पाहा. ज्या १२९६ साली ज्ञानोबारायांनी आळंदीला समाधी घेतली, त्याच साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला. आपल्या मुलखाची घडी विसकटत होती. अशा वेळी माणूस घर धरून बसतो. नामदेव निघाले.

त्याआधी एक प्रवास झालेला होता, तो ज्ञानदेवांबरोबरचा. त्याची हकिगत नामदेवांच्या नावावरच्या ‘तीर्थावळी’त आहे. ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ अशी तीन प्रकरणे मिळून ज्ञानदेवांचे चरित्र होते. तीर्थावळी वाचताना एक गोष्ट मनाला लागते. नामदेवांना जायचेच नाही. पंढरी सोडून तीर्थांना जाण्यात त्यांना काही गोडी नाही. देवाचा निरोप घेताना त्यांचा पाय निघत नाही, आणि देवाचाही जीव तुटतो. म्हणजे आपला हा पहिला प्रवासी हौसेने निघालेला नव्हता. ज्याला घर सोडवत नाही त्यालाच परमुलखात घराची भाषा नीट सांगता येते, असे मला वाटते. मारवाडातल्या विहिरीची कथा याच प्रवासातली. दोघांना तहान लागली, विहीर खोल. ज्ञानदेव योगाच्या बळाने आत उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांनी विठ्ठलाला हाक मारली आणि पाणीच वर आले. कीर्तनकार ही कथा ज्ञान आणि भक्ती यांच्या अंगाने लावतात, ते बरोबरच आहे. पण परक्या गावात पाणी कसे मागावे याचीही ती कथा आहे.

ज्ञानदेव गेल्यावर नामदेव पुन्हा उत्तरेला गेले आणि परंपरेप्रमाणे वीसेक वर्षे पंजाबात राहिले. गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान हे त्यांच्या वास्तव्याचे गाव. या वास्तव्याची आठवण आपण जपली त्याहून अधिक पंजाबने जपली, हे मान्य केले पाहिजे. तिथे त्यांचे स्थान बांधलेले आहे, माघ महिन्यात मेळा भरतो. उत्तरेतले छिंबा, छिपा, शिंपी समाजाचे लोक त्यांना आपला मूळपुरुष मानतात आणि कित्येकजण ‘नामदेव’ हेच आडनाव लावतात. घुमानच्या लोकांची श्रद्धा अशी की बाबा नामदेवांनी देह ठेवला तो तिथेच. आपली श्रद्धा अशी की शके १२७२, आषाढ वद्य त्रयोदशीला ते पंढरपुरात महाद्वारी पायरीत विसावले. दोन्हीकडे समाधी आहे, दोन्हीकडे लोक डोके टेकतात. यावर भांडण झालेले मी ऐकले नाही, आणि होऊ नये.

आता ग्रंथाकडे या. शिखांचे पाचवे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात गुरूंच्या वाणीबरोबर कबीर, रविदास, शेख फरीद अशा भक्तांची वाणी घेतली. नामदेवांची ६१ पदे त्यात आहेत, निरनिराळ्या रागांत लावलेली. तुम्ही कधी ती ऐकाल तेव्हा कान देऊन ऐका. त्यात विठ्ठलाचे नाव ‘बीठल’ असे येते. शिंप्याचा गज आहे, कात्री आहे, सुई आहे, दोरा आहे. काही पदांत तर मराठी वळणाची रूपे जशीच्या तशी राहिली आहेत. पंजाबी गाणाऱ्याने ती अर्थ पूर्ण कळत नसतानाही बदलली नाहीत. आणि एका पदात देवळातून उठवून लावलेल्या नामदेवाची कथा आहे. तो देवळाच्या मागे जाऊन बसतो आणि देऊळच फिरून त्याच्याकडे तोंड करते. पदात गावाचे नाव नाही. पण हे कुठले देऊळ, ते हिंगोलीच्या माणसाला सांगावे लागत नाही. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलात की नंदी कुठे आहे ते बघा, म्हणजे आपल्या आजीने ती कथा का सांगितली ते समजेल. सांगायचे इतकेच की औंढ्याच्या देवळाची हकिगत अमृतसरला चारशे वर्षांहून अधिक काळ रागदारीत गायली जाते आहे, आणि आपल्या तालुक्यातल्या पुष्कळ लोकांना त्याचा पत्ता नाही.

याच्या पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नामदेव इथून पंजाबात गेले. त्यांच्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी, १७०८ साली, दहावे गुरू गोविंदसिंगजी पंजाबातले असून गोदेच्या काठी नांदेडला आले. तिथेच त्यांनी देह ठेवला, आणि जाण्यापूर्वी आपल्यामागे कोणी देहधारी गुरू नाही, ग्रंथ हाच गुरू, असे ठरवून दिले. आता जुळवून पाहा. ज्या ग्रंथाला गुरुपद मिळाले त्यात नर्सीच्या शिंप्याची ६१ पदे होती. ते गुरुपद मिळाले ते नर्सीच्या शेजारच्या जिल्ह्यात. कयाधूच्या काठचा शब्द पंजाबात गेला आणि गुरू होऊन गोदावरीच्या काठी परत आला. कोणत्याही विद्यापीठाच्या देवाणघेवाणीचा असा हिशेब मी वाचलेला नाही.

गुरुद्वारात ग्रंथसाहेब जिथे विराजमान होतात त्या चांदव्याच्या आसनाला ‘पालकी’ म्हणतात. वारकऱ्याला हा शब्द ऐकून काय वाटेल ते वेगळे सांगायला नको. तिकडे नामदेवांचे शब्द पालकीत आहेत आणि लोक त्यांच्यापुढे डोके टेकतात. इकडे नामदेवांनी स्वतःसाठी पायरी मागून घेतली, संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून. एकच माणूस एका ठिकाणी सर्वांत वर आणि एका ठिकाणी सर्वांत खाली. यात कोणती जागा मोठी असे विचारू नका. नामदेवांना विचारले असते तर त्यांनी पायरीच सांगितली असती.

असो. आता तिकडून आलेल्या पाहुण्यांविषयी.

पहिले नाव घ्यायचे ते मॅक्स आर्थर मेकॉलिफ यांचे. हे मूळचे आयर्लंडचे, पंजाबात इंग्रज सरकारचे सनदी अधिकारी. पुढे नोकरी सोडून त्यांनी शिखांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करण्यात आयुष्य घातले. त्यांचे सहा खंडांचे पुस्तक १९०९ साली निघाले, आणि भक्तांच्या चरित्रांच्या सहाव्या खंडात नामदेवांचे चरित्र व पदे आली. आपल्या नामदेवांची इंग्रजी वाचणाऱ्या जगाशी ठळक ओळख झाली ती अशी, पंजाबच्या दारातून. पण त्या चरित्रात एक गंमत आहे. मेकॉलिफ नर्सी-बामणी हे गाव सांगतात ते सातारा जिल्ह्यातले, कऱ्हाडजवळचे!

ही समजूत त्यांची एकट्याची नव्हती. त्या काळच्या मराठी अभ्यासकांतही नर्सी कऱ्हाडकडची असे म्हणणारे होते, आणि कोणी तर जन्म पंढरपूरचाच असे म्हणत. माझा अंदाज असा की यात राज्याच्या सीमेचाही भाग असावा. आपला हा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. परभणी, हिंगोली, नर्सी ही नावे मुंबई-पुण्याच्या छापखान्यांपर्यंत क्वचित पोचत. हिंगोलीची इंग्रजांना माहिती होती ती छावणीचे ठाणे म्हणून, कयाधूच्या काठच्या एका खेड्याची असण्याचे कारण नव्हते. जो अभ्यासक ज्या इलाख्यात राहतो त्याला गाव त्या इलाख्यात सापडते. पण जरा इथल्या जमिनीवर उभे राहून पाहा. नर्सी, शेजारची बामणी, थोड्या अंतरावर औंढा, तिथे विसोबांची आणि देऊळ फिरल्याची कथा, सगळे एका दिवसाच्या पायवाटेत. गावातल्या लोकांना हे कोणी सिद्ध करून द्यावे लागले नाही. त्यांनी एकादशी चुकवली नाही, एवढाच त्यांचा पुरावा. पुढे अभ्यासकही मोठ्या संख्येने इकडेच वळले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मोकळा झाला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९९९ साली १ मे रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि नामदेवांच्या जन्मगावाचा पत्ता कागदोपत्री एकेक पायरीने स्पष्ट होत गेला.

दुसरे पाहुणे फ्रान्सचे, गी दलरी. हे ख्रिस्ती धर्मगुरू, जेझुइट. पुण्यात राहिले, मराठी शिकले, वारीत चालले. तुकोबांच्या अभंगांचे फ्रेंच भाषांतर त्यांनी १९५६ साली केले आणि विठ्ठल संप्रदायावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९६० साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढले. दिंड्यांची रचना, पालखीचा क्रम, वाटेवरचे मुक्काम हे त्यांनी चालून लिहिले. दुसऱ्या धर्माचा व्रतस्थ माणूस आपल्या रांगेत चालला आणि त्याला कोणी अडवले नाही, ही आपल्या परंपरेला शोभेशी गोष्ट झाली. जर्मनीचे गुंथर सोंथायमर हेही असेच. खंडोबा, बिरोबा, विठोबा यांच्या मागे धनगरांच्या वाड्यांवर ते वर्षानुवर्षे फिरले, आणि त्यांच्या सहभागाने वारीवर एक चित्रपटही निघाला.

नामदेवांच्या बाबतीत मात्र खरे कष्ट केले ते बेल्जियमच्या विनांद कॅलवर्ट यांनी. यांचे काम समजून घेण्यासारखे आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

राजस्थानात दादूपंथीयांच्या मठांत जुन्या हस्तलिखित पोथ्या असतात. त्यांत पाच संतांची वाणी एकत्र लिहिण्याची रीत आहे, तिला ‘पंचवाणी’ म्हणतात: दादू, कबीर, नामदेव, रैदास आणि हरदास. पाहा, पंढरपूरच्या नामदेवाला राजस्थानच्या मठांनी आपल्या पाचांत बसवले! कॅलवर्ट यांनी मठोमठी फिरून, महंतांची मने वळवून, त्या पोथ्यांची छायाचित्रे घेतली. मग एकेक पद घेऊन, ते कोणत्या पोथीत कसे आहे, कोणता शब्द कुठे बदलला, हे ओळीला ओळ लावून ताडून पाहिले. मुकुंद लाठ यांच्या सोबतीने त्यांनी नामदेवांच्या हिंदी पदांची आवृत्ती १९८९ साली काढली. त्याआधी पुणे विद्यापीठाने १९६४ साली भगीरथ मिश्र आणि राजनारायण मौर्य यांच्या संपादनाखाली हिंदी पदावली छापली होती, तिचाही या कामाला उपयोग झाला.

या ताडून पाहण्यातून काय निघाले? निघाले हे की पोथीत पद उतरण्यापूर्वी ते बराच काळ गाणाऱ्यांच्या तोंडी होते. एका गाणाऱ्याने कडवे मागेपुढे केले, दुसऱ्याने ध्रुपद बदलले, तिसऱ्याने आपल्या बोलीचा शब्द घातला. विद्वानाला हे वर्षानुवर्षे पोथ्या तपासून कळले. फडावर चार वर्षे टाळ धरलेल्या माणसाला ते आधीच ठाऊक असते, की एकच अभंग या दिंडीत एक म्हणतात आणि त्या दिंडीत थोडा वेगळा म्हणतात. पण ठाऊक असणे वेगळे आणि कागदावर दाखवून देणे वेगळे. ते दाखवून देण्याचे काम आपण केले नाही, हे कबूल करायला हवे.

आता ज्या मुद्द्याने आपली माणसे दुखावतात तिकडे येऊ. अमेरिकेतले अभ्यासक ख्रिश्चन नोव्हेट्झके यांनी महाराष्ट्रात राहून नामदेवांवर मोठा ग्रंथ लिहिला, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ते म्हणतात, ‘नामा’ या मुद्रेखाली एकाच माणसाने नव्हे तर अनेकांनी, अनेक शतके रचना केल्या. हे ऐकून एखादा ज्येष्ठ वारकरी म्हणतो, आमचा नामदेवच यांनी वाटून टाकला! राग समजण्यासारखा आहे. पण हे काही परदेशी मनाने काढलेले खूळ नाही. विष्णुदास नामा नावाचा कवी सोळाव्या शतकात होऊन गेला आणि त्याच्या रचना नामदेवांच्या गाथ्यात मिसळल्या, हे आपल्याच मराठी अभ्यासकांनी फार पूर्वी दाखवले आहे. १९७० साली सातशेव्या जयंतीच्या निमित्ताने शासनाने गाथा काढली, तेव्हाही कोणते अभंग कोणाचे हा प्रश्न पुढे होताच.

नोव्हेट्झके यांच्या ग्रंथातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग दुसराच आहे. ते म्हणतात की नामदेवांना टिकवले ते कीर्तनाने. पोथी पूजेला ठेवायची असते, ती नीटस अक्षरात लिहितात, कापडात बांधतात. कीर्तनकाराचे ‘बाड’ वेगळे. ते हाताळून मळलेले असते. त्यात पूर्वरंगाचा अभंग, त्याखाली प्रमाणे, मध्येच एखादी कथा, बाजूला चालीची खूण असते. इतिहासाच्या अभ्यासकांनी पोथीला मान दिला आणि बाडाकडे फारसे पाहिले नाही. या गृहस्थांनी बाडाला पुढे आणले. आपल्या घरातल्या मळक्या वहीची किंमत सांगायला सिॲटलचा प्राध्यापक यावा लागला, यात लाजण्यासारखे थोडे आहे आणि आनंदाचेही थोडे आहे.

एका बाबतीत माझे त्यांच्याशी जुळत नाही. ते ‘स्मृती’ असा शब्द वापरतात. महाराष्ट्राने नामदेवांची आठवण कशी सांभाळली, असा त्यांचा प्रश्न आहे. पण तुम्ही कीर्तनात बसता तेव्हा कान देऊन ऐका. बुवा ‘नामदेव महाराज म्हणाले’ असे सांगत नाहीत. ते ‘नामदेव महाराज म्हणतात’ असे म्हणतात. हे क्रियापद वर्तमानकाळी आहे. आठवण गेलेल्याची असते. ज्याचे बोलणे चालूच आहे त्याची आठवण कसली? हा फरक बाहेरून आलेल्याला पुस्तकात धरता येणे अवघड आहे, आणि तो न धरल्याबद्दल त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. तो सांगण्याचे काम आपले होते.

२०१५ साली ३ ते ५ एप्रिलला ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला झाले, हे तुम्हाला आठवत असेल. अध्यक्ष होते देहूच्या तुकोबांच्या वंशातले डॉ. सदानंद मोरे. विशेष रेल्वेगाड्या भरून माणसे गेली. इतक्या लांब, जिथे मराठी बोलणारे कोणी नाही तिथे संमेलन कशाला, असा आक्षेपही पुष्कळांनी घेतला होता. साहित्याच्या हिशेबाने तो आक्षेप बरोबर की चूक ते साहित्यिकांनी ठरवावे. वारकऱ्याच्या हिशेबाने मात्र ती परतभेट होती. शेकडो वर्षांपूर्वी एकाला त्या गावाने ठेवून घेतले होते, त्याचे गाववाले विचारपूस करायला एवढ्या उशिरा गेले.

आणि ते लोक इकडे येतातच. नांदेडच्या हुजूर साहेबला आलेले शीख भाविक नर्सीला येतात. नर्सीत गुरुद्वारा आहे. आषाढीचा सोहळा आटोपल्यावर वद्य पक्षात कामिका एकादशीला नर्सीला परतवारीसाठी आपल्याकडचे वारकरी लोटतात, तेव्हा कयाधूच्या अलीकडे पलीकडे पाय ठेवायला जागा नसते. पंढरपूरची वारी नर्सीला आल्याशिवाय पुरी झाली असे इथल्या माणसाला वाटत नाही. त्या दिवशी तिथे उभे राहिलात तर एक करा. रांगेत पगडीवाला कोणी दिसला तर त्याला बीठलाचे पद म्हणायला सांगा. त्याला ते येत असेल. तुम्ही त्याला आपला अभंग म्हणून दाखवा. कोणाचा पाठ जुना, कोणाचा शुद्ध, हे तपासायला पुढे विद्वान आहेत.

राहता राहिली बाडे. आपल्या जिल्ह्यात, सेनगाव, कळमनुरी, वसमत, औंढा, कुठल्याही गावात जा, चार पिढ्यांची वारी असलेले एखादे घर असते आणि त्या घरात माळ्यावर किंवा देवघराच्या कोनाड्यात अशी वही असते. आजोबा कीर्तन करीत, वडील टाळ धरीत, मुलगा संभाजीनगरला किंवा पुण्याला नोकरीला. वहीला वाळवी लागते, पावसाळ्यात पाने चिकटतात, आणि घर नवे बांधताना ती जुन्या सामानाबरोबर जाते. त्या वहीत जो अभंग आहे तो कदाचित छापील गाथ्यात नसेल, किंवा निराळ्या शब्दांत असेल. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनला कॅमेरा आहे. कॅलवर्ट यांना जे करायला बेल्जियमहून राजस्थानात यावे लागले ते तुम्ही एका दुपारी करू शकता. पाने ओली असतील तर उन्हात टाकू नका, सावलीत वाऱ्यावर सुकू द्या; चिकटलेली पाने ओढू नका. प्रत्येक पानाचे चित्र घ्या, कोरी पानेसुद्धा सोडू नका. नांदेडच्या विद्यापीठात मराठी विभाग आहे, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. एक प्रत तिथे द्या, मूळ वही घरीच राहू द्या. आणि पहिल्या किंवा शेवटच्या पानाचे चित्र जरा जवळून घ्या. शाई फिकी झालेली असली तरी लिहिणाऱ्याचे नाव, शके आणि गाव बहुधा तिथेच लिहिलेले असते.